आमच्या काट्यावरची लेकरं

अंगणवाडीच्या सेविकेकडे सगळ्याची वही असते. हजेरीची वेगळी, आहाराची वेगळी, गरोदर बायांची वेगळी, वजनाची वेगळी. आणि हे सगळं पुन्हा मोबाईलमध्ये भरायचं ते वेगळंच! फक्त किश्श्यांना रकाना नाही. ते साठतात महिन्याच्या मीटिंगला, तालुक्याच्या चहाच्या टपरीवर. एकीने सुरू केलं की दुसरीला आठवतं, आणि आमच्या पर्यवेक्षिका मॅडमनी आत बोलवेपर्यंत पाच-सहा होऊन जातात. हसून हसून डोळ्यांत पाणी येतं. कधीकधी ते हसण्याचं नसतं, पण पदराला काय, दोन्ही सारखंच.

मी पाथर्डी तालुक्यातल्या एका गावात बावीस वर्षं सेविका आहे. माझे किस्से बहुतेक वजनाचे, त्यातही तान्ह्या लेकरांचे. सहा महिन्यांपर्यंत लेकराला फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, हे आम्ही घसा सुकेपर्यंत सांगतो. पण अंगावरच्या दुधाला मापाच्या रेघा नसतात. किती गेलं, पुरलं का, हे लेकरू सांगत नाही, आईला भरवसा वाटत नाही, आणि सासू सांगते ते बहुधा चूक असतं. खरं बोलतो तो काटा. दर महिन्याला लेकरू तोलायचं, कार्डावर टिंब द्यायचं, टिंबं जोडायची. रेघ वर चढली की ठीक. आडवी झाली की पळायचं. म्हणून टिंब खरं पाहिजे. टिंब खोटं पडलं तर लेकरू हातचं जातं. या कामात एवढं एकच लक्षात ठेवण्यासारखं आहे.

*

सुरुवातीची गोष्ट. आमचा काटा पडवीच्या आढ्याला टांगायचा. वर घड्याळासारखी तबकडी, खाली हूक, हुकाला कापडी झोळी. लेकरू झोळीत घातलं की ते पाय झाडतं, काटा थरथरतो, आणि आम्ही श्वास धरून आकडा वाचतो.

एक आजोबा नातीला घेऊन आले. सून गरोदरपणात वेळेवर सगळं करणारी, तिनेच पाठवलं होतं. आजोबांनी हूक बघितला आणि नात छातीशी धरून दोन पावलं मागं सरले.

"ओ बाई, ह्ये काय? बकरं तोलताय व्हय?"

मी समजावायला लागले. कार्ड दाखवलं, रेघ दाखवली. आजोबा ढिम्म! म्हणे, "आमच्यात लेकरू तोलीत न्हाईत. नजर लागती."

माझी मदतनीस कौसाबाई कोपऱ्यात डाळ निवडत होती. शाळा दुसरीपर्यंत, तोंड मात्र एम.ए.! तिने मान वर न करता सांगितलं, "आबा, बकरं तोलल्यावर कापत्यात. हितं लेकरू हलकं भरलं तर त्याला खायला घालत्यात. द्या हिकडं."

आजोबांनी दिली. पुढे दर महिन्याला तेच आणायचे, आणि आकडा मला विचारण्याआधी स्वतः वाचायचे.

*

एका महिन्यात एका लेकराचं वजन एकदम चारशे ग्रॅमने वाढलं. त्याआधीच्या महिन्यात रेघ आडवी होती, त्यामुळे मी खूश. आईला शाबासकी दिली. मीटिंगमध्ये मॅडमनी माझं उदाहरण दिलं, "बघा, समुपदेशन केलं की फरक पडतो!" टाळ्यासुद्धा झाल्या.

पुढच्या महिन्यात तेच लेकरू काट्यावर घातलं तर वजन होतं तिथे परत! आई घाबरली, आजी म्हणाली कुणीतरी केलंय. मी झोळी तपासली, काटा शून्यावर आणला, पुन्हा तोललं. तेवढंच.

कौसाबाईने लेकराचे पाय हातात घेतले आणि विचारलं, "वाळे कुठं गेले गं?"

झालं होतं असं की आत्याने बारशाला चांदीचे ठोकळ वाळे, कडी आणि करदोटा घातला होता. मागच्या वेळी ते सगळं अंगावरच होतं, वर लोकरी टोपरं आणि दुपटं. मी घाईत तसंच तोललं. आता आत्याचं स्वतःचं बाळंतपण झालं, तिने सगळं उतरवून नेलं.

कौसाबाई म्हणाली, "लेकरू व्हतं तेवढंच हाय ताई. सोनार उतरला."

सगळ्या बाया हसल्या. मीही हसले. मग कार्ड हातात घेतलं तेव्हा कळलं की या लेकराची रेघ तीन महिने आडवी आहे आणि त्यातला एक महिना मी टाळ्या घेतल्या. त्या दिवसापासून आधी अंगावरचा धागासुद्धा उतरवते, मग तोलते. बाया कुरकुरतात, थंडीत जास्तच. कुरकुरू देत.

*

एक पोरगी पहिलटकरीण, माहेरी आलेली. रोज येऊन रडायची. "ताई, मला दूधच न्हाई." का तर लेकरू रडतं. आई म्हणते उपाशी आहे, शेजारीण म्हणते दूध पाणचट आहे, नवऱ्याने तर शहरातून पावडरचा डबाच आणून ठेवलेला. मी म्हटलं, डबा राहू दे, आधी काटा बघू.

तोललं. एका महिन्यात आठशे ग्रॅम वाढ! मी कार्डावर टिंब दिलं, रेघ ओढली आणि तिच्या आईला दाखवली. "बघा, जिना चढल्यासारखी चाललीय. दूध पुरतंय."

आई काही ऐकेना. "आवो पन रडतंय ना! लेकरू रडतं म्हंजी उपाशीच आसतंय."

कौसाबाई लगेच, "मंग मावशे, तू टीव्हीपुढं रोज संध्याकाळी रडतीस. तुला काय कमी पडलंय?"

तो डबा तसाच सीलबंद राहिला. नंतर पोरीच्या आईने पावडर ओतून देऊन त्यात मोहरी ठेवली. माझ्या बावीस वर्षांतला हा सगळ्यात गोड किस्सा, म्हणून मीटिंगला तो मी नेहमी आधी सांगते. बाकीचे सांगायला जरा दम लागतो.

*

मोबाईल आला तसे रंग आले. वजन भरलं की लेकराच्या नावापुढे आपोआप हिरवा, पिवळा नाहीतर लाल. पूर्वी वही फक्त मॅडम बघायच्या. आता लाल दिसला की वरचे, त्यांच्या वरचे, सगळ्यांचे फोन.

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांच्यावरही दबाव. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, आपल्या बीटातल्या अंगणवाड्यांत लाल तुमच्याकडेच जास्त दिसतायत. जरा बघा."

आता 'जरा बघा' म्हणजे काय, हे नोकरीतल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

मी त्या दुपारी बघितलं. पडवीत बसून, मोबाईल हातात घेऊन. शंभर ग्रॅम इकडे, दोनशे तिकडे. चहा गार व्हायच्या आत माझी सहा लेकरं सुधारली! एकाच्याही घरी जावं लागलं नाही.

कौसाबाईला मोबाईल वाचता येत नाही, पण रंग कळतात. ती म्हणाली, "आगंबया! औषीद सापडलं म्हना की."

मी तिच्यावर चिडले. खूप चिडले. दुसऱ्या दिवशी सहाच्या सहा घरी काटा घेऊन गेले आणि खरे आकडे परत भरले, हे मी इथे सांगते, पण त्यात मोठेपणा नाही. एकदा हाताला ती सवय लागली की लागली. काटा न लावताही आकडा लिहिता येतो, आणि कुणी काही म्हणत नाही, हे मला त्या दुपारी समजलं.

*

हा किस्सा मी टपरीवर एकदाच सांगितला. कुणी हसलं नाही.

आमच्याकडचे निम्मे लोक दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. घराला कुलूप, लेकरं सोबत. जाताना मी तान्ह्यांची कार्डं आईच्या हातात देते आणि दरवेळी तेच पुराण लावते. जिथे राहायला पाचटाची कोप घालाल तिथल्या अंगणवाडीत जा, दर महिन्याला वजन करा, कार्ड हरवू नका, भिजवू नका, चुलीजवळ ठेवू नका. कार्ड परत आणून दाखवायचं! दम भरल्यासारखंच सांगते, कारण निम्म्या बाया कार्ड हरवून येतात.

त्या वर्षी एकीचं लेकरू दोन महिन्यांचं होतं. कार्डावर दोन टिंबं, दोन्ही छान चढती. उन्हाळ्यात टोळ्या परत आल्या. ती तिसऱ्या दिवशी अंगणवाडीत आली. कमरेच्या पिशवीतून प्लॅस्टिकची पिशवी काढली, तिच्यातून फडक्याची घडी, घडीतून कार्ड. एक सुरकुती नाही, एक डाग नाही. मी बाकीच्या बायांना म्हटलं, "बघा गं, शिका जरा! याला म्हणतात कार्ड जपणं."

कार्ड उघडलं. दोनच टिंबं. मी म्हटलं, "अगं, पुढचं वजनच केलं नाहीस? आण बरं लेकरू, आत्ता तोलू."

ती उभीच होती. म्हणाली, "लेकरू माघ म्हैन्यातच गेलं ताई. ह्ये तुमचं व्हतं, म्हनून आनलं."

मी तिला बस म्हणायलाही विसरले. कौसाबाईने तिला पाणी दिलं. ते कार्ड अजून माझ्या कपाटात आहे. ते कुठल्या वहीत लावायचं हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

*

आता शेवटचा. हा मी कुणाला सांगत नाही. आज सांगते.

आमच्या अंगणवाडीला स्वतःची खोली नाही. गेली बरीच वर्षं ती भामाबाईंच्या पडवीत भरते. भामाबाई म्हणजे मोठ्या घरच्या, तोंडाने कडक, मनाने उदार. पडवी फुकट दिली, पावसात पत्रे बदलून दिले, कौसाबाईला दिवाळीला लुगडं. त्यांच्या लेकाला लग्नानंतर नऊ वर्षं मूल नव्हतं. भामाबाईंनी गडावरच्या देवीला नवस बोलला: नातवंड झालं तर त्याच्या भारंभार गूळ वाटीन. एका पारड्यात लेकरू, दुसऱ्यात गूळ.

नातू झाला. देविदास. गावभर पेढे. जन्मला तेव्हा दवाखान्यात तोलला तेवढाच. घरी आल्यावर मी झोळी घेऊन गेले तर भामाबाईंनी दारातच अडवलं. "न्हाई ताई. नवसाचं लेकरू हाय. देवीच्या पारड्याआधी दुसऱ्या काट्यात घालायचं नसतं. जावळ बी तवाच, तोलनं बी तवाच."

लसीला सिस्टर आल्या तर त्यांनाही तेच. "सुई टोचा. काटा न्हाई."

म्हणजे बघा, त्यांच्याच पडवीच्या आढ्याला आमचा काटा टांगलेला, गावातलं प्रत्येक लेकरू त्यात बसून जायचं, आणि भिंतीपलीकडे पाळण्यात झोपलेलं त्यांचं एकटंच तोललेलं नव्हतं. मोबाईल मात्र थांबत नाही, त्याला आकडा लागतो. पहिल्या महिन्यात मी दारातून पाळण्याकडे बघितलं आणि आकडा लिहिला. दुसऱ्या महिन्यात बघितलंही नाही. मागच्या टिंबाच्या पुढे, हिरव्या पट्ट्यात, चढतं टिंब दिलं. अंदाजे लिहिणारी बाई नेहमी शेवटच्या ग्रॅमपर्यंत लिहिते.

भामाबाई सगळ्यांना कौतुकाने सांगायच्या, "लई गुनाचं लेकरू. रडत म्हनून न्हाई. दिसभर निजून आसतंय." सून मनीषा सकाळी कांदालावणीला जायची ती उन्हं कलल्यावर यायची. तोवर आजी बोंडल्याने घुटी पाजायची, गाईचं दूध पाणी घालून पाजायची. मी एकदा बोलले. "भामाबाई, सहा महिने वरचं काही नको." त्या म्हणाल्या, "ताई, तुमी मला शिकवता? मी पाच वाढवली." मी वही मिटली. पडवी त्यांची होती.

कौसाबाई मला म्हणाली, "ताई, भिंतीपल्याड कवाच आवाज न्हाई येत. माझं मन खातंय." मी म्हटलं, "तुला काय, तुला रडणारी लेकरंच आवडतात." असं म्हणाले मी.

चौथ्या महिन्यात मनीषा पोषण आहाराचं पाकीट न्यायला आली. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाली, "ताई, आत्याबाई मंगळवारी बाजारला जात्यात. तवा त्याला एकदा तोला. कुनाला सांगू नका." आत्याबाई म्हणजे सासूबाई. मी म्हटलं, येते.

त्या मंगळवारी मोबाईलच्या एंट्रीची मीटिंग लागली. पुढच्या मंगळवारी ओसरीवर दोन शेजारणी बसल्या होत्या. मला वाटलं, यांनी भामाबाईंना सांगितलं तर? अंगणवाडी कुठे न्यायची? त्यानंतरच्या मंगळवारी मनीषा दारात उभी राहून वाट बघत होती. मी तिला हाताने खूण केली, नंतर. तिने पुन्हा विचारलं नाही.

देविदासला पाच महिने पुरे झाले आणि भामाबाईंनी नवसाचा दिवस धरला. आदल्या बाजाराच्या दिवशी पडवीत आल्या, माझ्यासमोर बसल्या. चेहरा असा फुललेला! "ताई, पुजारी म्हनतो गूळ मापात आना, देवीपुढनं माघारी न्यायचा नसतो. तुमी चार-चार गावची लेकरं बघितलेली. तुमच्या वहीत किती भरतोय देविदास?"

मी वही उघडली. माझंच अक्षर. सहा किलो दोनशे पन्नास.

तेव्हा बोलता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं. त्या म्हणाल्या, "चिठ्ठीवर लिवून द्या, दुकानदाराला दाखिवते." मी लिहून दिलं. सव्वासहा किलो.

मलाही गडावर मानाने नेलं. खणानारळाने ओटी भरली, पहिल्या रांगेत उभं केलं. देवळाच्या मंडपात मोठा तराजू, साखळ्यांना टांगलेली दोन पितळी पारडी. सगळं गाव गोळा झालेलं, हलगी वाजतेय, भामाबाईंनी गुळाच्या किलो-किलोच्या सहा भेल्या आणि वर पावकिलोचा खडा पारड्यात नीट रचला. ते पारडं जमिनीला टेकलं.

पुजारी म्हणाला, "लेकराच्या अंगावर काय नको. समदं उतरवा."

मनीषाने दुपटं सोडलं, टोपरं काढलं, झबलं काढलं, वाळे काढले. पाच महिन्यांत पहिल्यांदा मी ते लेकरू उघडं बघितलं. बरगड्या मोजता येत होत्या. मांडीची कातडी सैल, म्हाताऱ्या माणसासारखी. डोळे उघडे होते, माझ्याकडे लागलेले. तेवढ्या गर्दीत, त्या हलगीत, ते रडलं नाही.

तिने त्याला दुसऱ्या पारड्यात ठेवलं आणि हात काढून घेतले. पारडं जिथे होतं तिथेच, वर अधांतरी. गुळाचं जमिनीवर.

"गूळ जास्त झाला, काढा थोडा," पुजारी म्हणाला.

भामाबाईंनी हसत पावकिलोचा खडा काढला. काही हललं नाही. एक भेली काढली. नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "देवी राजी हाय! थोडक्यात भागवतीय!" लोक हसले. भामाबाईंनी दुसरी भेली काढली. त्या आता हसत नव्हत्या. हलगीवाला थांबला. मनीषा तराजूकडे बघतच नव्हती, ती माझ्याकडे बघत होती.

भामाबाई तिसऱ्या भेलीवर हात ठेवून माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "ताई, आनखी किती काढू?"